महाराष्ट्राचा किनारा नक्की किती लांब: ६५३, ७२० की ८७८ किलोमीटर?

स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, महाराष्ट्राला किती किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे? उत्तर येईल ७२०. भूगोलाच्या पुस्तकात हाच आकडा, राज्य सरकारच्या कागदपत्रांत हाच. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या दप्तरी मात्र याच किनाऱ्याची लांबी कित्येक वर्षं ६५२.६ किलोमीटर होती, आणि त्या मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात ती ८७७.९७ किलोमीटर झाली. देशाचा आकडा तर ७,५१६.६ वरून थेट ११,०९८.८१ वर गेला, म्हणजे जवळजवळ ४८ टक्क्यांची वाढ.

हे वाचून दोन शंका हमखास येतात. समुद्र मागे हटला की काय? आणि तसं नसेल तर आधी मोजणाऱ्यांनी इतका घोळ घातला होता का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. इंचभर जमीन न वाढता किनारा दीडपट होऊ शकतो, आणि जुनी मोजणीही तिच्यापुरती बरोबरच असते.

आधी दाभोळला जाऊ

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दाभोळच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत समोरच्या काठावर, धोपाव्याला उतरता येतं. गाड्या, दुचाक्या, माणसं, सगळं त्याच बोटीत. बोट बंद असेल आणि गाडीनेच पलीकडे जायचं असेल, तर आत चिपळूणपर्यंत जाऊन, वाशिष्ठी नदी ओलांडून, दुसऱ्या काठाने परत समुद्राकडे यावं लागतं. जागा त्याच दोन, अंतरं मात्र दोन.

आता किनारा मोजणारा माणूस उत्तरेकडून दाभोळला पोचला असं समजा. त्याने काय करायचं? खाडीच्या तोंडावरून सरळ रेघ मारून धोपाव्याला उतरायचं, की खाडीच्या काठाकाठाने आत शिरायचं? भरतीचं पाणी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत चढतं. तिथवरचं अंतर सरळ रेषेत धरलं तरी ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन दोन्ही काठ मोजले तर या एकाच खाडीत ७० किलोमीटरहून जास्त किनारा निघतो. बोटीच्या वाटेने मोजला तर निघत नाही.

आणि कोकणात खाडी काही एकच नाही. वसई, ठाणे, धरमतर, राजपुरी, बाणकोट, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग... दर थोड्या अंतरावर समुद्र आत घुसलेला. नव्या मोजणीत महाराष्ट्राची लांबी २२५ किलोमीटरने वाढली. दाभोळसारख्या तीन-साडेतीन खाड्यांचे काठ पूर्ण धरले असते तर एवढी वाढ त्यातच संपली असती. म्हणजे नव्या मोजणीतही खाड्यांच्या तोंडाशी नाहीतर थोडं आत कुठेतरी रेघ मारून पलीकडे जावंच लागलं असणार.

जुन्या नकाशावर खाडी म्हणजे पेनाची रेघ

घोळ कुणी घातला नव्हता हे कळायला नकाशाचं प्रमाण समजून घ्यावं लागतं. प्रमाण म्हणजे जमिनीवरचं अंतर कागदावर किती पटीने लहान केलं आहे ते. ७,५१६.६ हा जुना आकडा १९७०च्या दशकातला. तो १ : ४५ लाख प्रमाणाच्या नकाशावरून काढला होता. कागदावर १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर ४५ किलोमीटर. नवा आकडा १ : अडीच लाख प्रमाणाच्या नकाशांवरून आला. तिथे १ सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. नौदलाचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आणि भारतीय सर्वेक्षण विभाग यांची सामग्री त्यासाठी वापरली, आणि मोजणी अर्थातच संगणकावर झाली.

फरक किती पडतो बघा. किलोमीटरभर रुंद खाडीचं तोंड जुन्या नकाशावर पाव मिलिमीटरही भरत नाही. किनारा दाखवणारी शाईची रेघच तेवढी जाड असते, म्हणजे खाडी त्या रेघेतच बुडून जाते. तेच तोंड नव्या नकाशावर ४ मिलिमीटर येतं. खाडी आहे, तिला दोन काठ आहेत, आत वळण आहे, हे सगळं दिसायला लागतं. घारापुरीचं बेट जुन्या नकाशावर जेमतेम टिंब, नव्यावर जवळजवळ सेंटिमीटरभर. मुरूडचा जंजिरा जुन्यावर शोधूनही सापडायचा नाही. नव्यावर तो मिलिमीटरभर ठिपका म्हणून उमटू शकेल, पण त्याच्या बुरुजांची वळणं मोजायला त्याहूनही बारकाव्याचा नकाशा लागेल.

जुन्या मोजणीदारांनी त्यांच्या नकाशावर जे दिसत होतं ते चोख मोजलं. दिसतच नव्हतं ते कुठून मोजणार?

फणसाला दोरी गुंडाळा

एक भलामोठा फणस घ्या. त्याच्या पोटाभोवती सुतळी सैलसर गुंडाळली तर ती काट्यांच्या टोकांवरून जाईल, आणि समजा हातभर-दीड हात लागेल. आता तीच सुतळी प्रत्येक काट्यावर चढवून, दोन काट्यांमधल्या फटीत दाबत दाबत न्या. दुप्पट-तिप्पट सुतळी संपेल. सुतळीऐवजी शिवणाचा दोरा घेतला तर तो काट्यावरच्या बारीक खरखरीतही बसेल, आणि आणखी जास्त लागेल. फणस मात्र तेवढाच राहिला, एक गराही वाढला नाही.

किनाऱ्याचं हेच होतं. नकाशाचा बारकावा वाढवत गेलं की खाडीच्या आत उपखाडी दिसते, उपखाडीत खाजणाचे फाटे दिसतात, सरळ वाटणाऱ्या पुळणीच्या टोकाला खडपांचे दातरे दिसतात. प्रत्येक नवं वळण लांबीत भर घालतं. कमी कधी करत नाही.

क्षेत्रफळाचं तसं होत नाही, हे इथेच सांगायला हवं. नकाशा बारीक केला की काही ठिकाणी जमीन थोडी वाढते आणि काही ठिकाणी थोडी घटते, आणि आकडा एका ठिकाणी येऊन स्थिरावतो. म्हणून महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर असं ठणकावून सांगता येतं. किनाऱ्याची लांबी तशी स्थिरावत नाही.

युद्धं मोजायला निघालेला माणूस

ही गंमत पद्धतशीरपणे पहिल्यांदा ज्याने मांडली तो भूगोलाचा माणूस नव्हता. लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ. गणिताने हवामानाचा अंदाज बांधता येईल असं सांगणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी एक. क्वेकर पंथाचा, म्हणजे पक्का युद्धविरोधी. पहिल्या महायुद्धात बंदूक न धरता फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. पुढे त्याला वेगळाच प्रश्न पडला: शेजारी देशांमध्ये युद्ध होण्याची शक्यता त्यांच्या सामाईक सीमेच्या लांबीवर अवलंबून असते का?

उत्तर शोधायचं तर सीमांच्या लांब्या हव्यात. त्या जमवताना तो चक्रावला. स्पेन-पोर्तुगाल सीमा एका नोंदीत ९८७ किलोमीटर, दुसरीत १,२१४. नेदरलंड-बेल्जियम सीमा एकीकडे ३८०, दुसरीकडे ४४९. सीमेबद्दल तंटा नव्हता, तरी लांबीत एवढी तफावत.

मग त्याने नकाशे घेतले आणि कंपासपेटीतल्या कर्कटकासारखं साधन ठरावीक अंतरावर उघडून किनाऱ्यावरून पावलं टाकत मोजणी केली. पाऊल लहान केलं की लांबी वाढते, आणि ती वाढ एका ठरलेल्या नियमाने होते, हे त्याच्या लक्षात आलं. रिचर्डसन १९५३ मध्ये वारला. हे काम छापून आलं ते १९६१ मध्ये, आणि बरीच वर्षं कुणी त्याकडे फारसं पाहिलं नाही. १९६७ साली बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साधा प्रश्न विचारणारा लेख लिहिला आणि रिचर्डसनचं काम उजेडात आणलं. कितीही जवळून पाहिलं तरी तितक्याच वेड्यावाकड्या दिसणाऱ्या अशा आकारांना त्याने पुढे ‘फ्रॅक्टल’ हे नाव दिलं.

वेडेवाकडेपणालाही आकडा असतो

लांबी ठरत नसेल तर निदान किनारा किती वेडावाकडा आहे ते तरी ठरवता येतं का? येतं. रिचर्डसनच्या नियमातून प्रत्येक किनाऱ्यासाठी एक अंक निघतो. सरळ रेषेला १. किनारा जितका नागमोडी, तितका अंक १ च्या वर, २ च्या दिशेने. दक्षिण आफ्रिकेचा सपाट किनारा १.०२, ऑस्ट्रेलिया १.१३, ब्रिटनचा फाटका पश्चिम किनारा १.२५.

या अंकाचा अर्थ असा, की मोजपट्टी १६ पट लहान केली तर १.२५ वाल्या किनाऱ्याची लांबी दुप्पट होते. १.०२ वाल्याची जेमतेम ६ टक्क्यांनी वाढते.

आपल्या जुन्या आणि नव्या नकाशांच्या प्रमाणात १८ पटींचा फरक आहे. तोच नियम लावून मी राज्यांचे ढोबळ अंक काढून पाहिले. हिशोब माझा आहे, सरकारी नाही, आणि दोन्ही मोजण्यांत काय धरलं-सोडलं ते तंतोतंत सारखं असेलच असं नाही, हे लक्षात घेऊन वाचा. केरळची लांबी ५६९.७ वरून ६००.१५ झाली, अंक निघतो १.०२, म्हणजे थेट दक्षिण आफ्रिकेच्या पंगतीत. महाराष्ट्र १.१०. कच्छ आणि खंबातची आखातं पोटात घेतलेला गुजरात १,२१४.७ वरून २,३४०.६२ वर गेला, अंक १.२३. पश्चिम बंगालचं तर विचारूच नका: १५७.५ चे ७२१.०२ झाले, साडेचार पट! अंक १.५३. सुंदरबनचा नकाशा एकदा डोळ्यांसमोर आणला की यात काही नवल वाटत नाही. जमीन कुठली आणि पाण्याचा फाटा कुठला, हेच तिथे पावलोपावली ठरवावं लागतं. देशाचा एकूण अंक १.१३ येतो.

कोकणचा अंक मला आधी कमी वाटला. एवढ्या खाड्या असून फक्त १.१० कसा? पण वर म्हटलं तसं, खाड्यांचे काठ पूर्ण धरले असते तर तो नक्की वर गेला असता.

उपग्रहावरून एकदाचं मोजून टाका ना!

हा आक्षेप सगळ्यात स्वाभाविक आहे. इतकी साधनं आली, आता तरी खरा आकडा काढा. अडचण अशी की साधन चांगलं आलं की आकडा पक्का होण्याऐवजी वाढतो. उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका १० मीटरचा असेल तर एक लांबी येईल, १ मीटरचा असेल तर दुसरी, जास्त मोठी.

मग वाळूच्या कणापर्यंत गेलो तर किनारा अनंत लांब होईल का? कागदावरच्या गणितात होईल. प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी प्रश्नच निरर्थक होतो, कारण किनारा जागेवर थांबत नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटर चढतं. सपाट पुळणीवर भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामध्ये चांगलं मैदान असतं. कुठली रेषा मोजायची?

गंमत म्हणजे सरकार दोन्ही वापरतं. किनाऱ्यालगतच्या बांधकामांचे नियम, ज्यांना सगळे ‘सीआरझेड’ म्हणतात, ते भरतीच्या रेषेपासून मोजतात. देशाची सागरी हद्द मात्र ओहोटीच्या रेषेपासून मोजायची असते. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस एका नियमाने समुद्रात असतो, दुसऱ्या नियमाने जमिनीवर.

खाडी कुठे संपते आणि नदी कुठे सुरू होते, यावर सीआरझेडच्या नियमांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. तिथे नकाशा बघतच नाहीत, पाणी तपासतात. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्याचा खारेपणा हजारी ५ भाग इतका जिथवर मिळतो, तिथवर खाडी. त्याच्या वर नदी.

मग समुद्रातली हद्दही वाढली असेल

नाही. मासेमारी, तेल, वायू यांच्यावरचा हक्क किनाऱ्याच्या लांबीवर ठरत नाही, किनाऱ्यापासूनच्या अंतरावर ठरतो. १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, ही देशाची प्रादेशिक हद्द. २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, हे आर्थिक हक्कांचं क्षेत्र. दाभोळच्या खाडीत तुम्ही चिपळूणपर्यंत कितीही वळणं मोजा, समुद्राच्या बाजूचं टोक जागचं हलत नाही.

फार तुटक किनाऱ्यांसाठी कायद्याने तर वळणं पुसायलाच परवानगी दिली आहे. नॉर्वेने आपल्या बाहेरच्या बेटांच्या आणि खडकांच्या टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषा आखल्या आणि हद्द त्या रेषांपासून मोजायला सुरुवात केली. ब्रिटनचे मच्छीमार त्या पाण्यात जात असत, तेव्हा ब्रिटनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. १९५१ मध्ये निकाल नॉर्वेच्या बाजूने लागला, आणि ही सरळ रेषांची पद्धत पुढे १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही आली.

जमीन वाढली आणि किनारा घटला, असंही होतं

मुंबई हे त्याचं घरचं उदाहरण. सात वेगळी बेटं, प्रत्येकाला चहूबाजूंनी किनारा. अठराव्या शतकाच्या अखेरीस महालक्ष्मी-वरळीमधलं खिंडार हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने बुजलं, आणि मग भराव पडत गेले. जमीन भरपूर वाढली, पण बेटांमधले समोरासमोरचे काठ भरावाखाली गेले. कांदळवनाचे फाटे बुजवून सरळ भिंत बांधली की दर वेळी हेच घडतं. लांबी हे किनाऱ्याच्या प्रकृतीचं माप नव्हे.

धूप किती होते, हे मात्र खरंच उपयोगाचं माप आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातला मुख्य भूमीचा किनारा तपासला आणि ३३.६ टक्के किनारा कमीजास्त प्रमाणात खचतो आहे, असं नोंदवलं. त्यांनी धरलेली लांबी होती ६,९०७ किलोमीटर, म्हणजे आणखी एक वेगळा आकडा! पण खचलेला भाग आणि एकूण किनारा दोन्ही एकाच पट्टीने मोजले असल्यामुळे ही टक्केवारी धरून चालता येतं. उद्या कुणी हेच खचलेले किलोमीटर घेऊन त्यांना ११,०९८ ने भागलं, तर धूप कागदोपत्री कमी झालेली दिसेल. तेव्हा सावध राहावं.

देशांच्या याद्या वाचताना

‘सर्वांत लांब किनारा असलेले दहा देश’ अशा याद्या फिरत असतात. कॅनडा पहिला हे कुठल्याही पट्टीने खरं, पण किती लांब यावर एका यादीत २,०२,०८० किलोमीटर तर कॅनडाच्याच सांख्यिकी खात्याच्या हिशोबात २,४३,०४२. फरकच ४० हजार किलोमीटर, म्हणजे विषुववृत्ताभोवतीच्या एका फेरीएवढा. नॉर्वेचा किनारा फियॉर्ड (डोंगरांमध्ये खोल घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या) आणि बेटं वगळून सुमारे २,६५०, मुख्य भूमीचे फियॉर्ड धरून जवळजवळ २९ हजार, आणि सगळी बेटं धरून १ लाखाच्या वर. यादी करणाऱ्याने कुठला आकडा उचलला यावर नॉर्वे दुसरा येतो की कुठेतरी मागे पडतो, ते ठरतं. शेजारी देशाचा आकडा त्याने त्याच पट्टीने घेतलाय का, हे त्या यादीत जवळजवळ कधीच लिहिलेलं नसतं.

आणि परीक्षेत काय लिहायचं?

प्रश्न ‘केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ताज्या अहवालानुसार’ असा असेल तर ८७७.९७. नुसता ‘महाराष्ट्राची किनारपट्टी’ असा असेल तर उत्तरतालिकेत ७२० असण्याची शक्यता दांडगी, कारण राज्याचा रूढ आकडा अजून तोच आहे. ६५२.६ जुन्या प्रश्नसंचात सापडलं तर छपाईची चूक समजू नका. गोव्यासाठी नवा आकडा १९३.९५.

जाता जाता, ‘झाईपासून तेरेखोलपर्यंत’ असं आपण सहज म्हणतो. पण तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तरेच्या, म्हणजे आपल्या बाजूच्या काठावर असूनही गोव्याच्या पेडणे तालुक्यात मोडतो. आपला किनारा खाडीच्या तोंडाला पोचायच्या जरा आधीच, रेडीच्या बाजूला संपतो. ४५ किलोमीटरला १ सेंटिमीटर दाखवणाऱ्या नकाशावर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.